निळ्या टेपखाली

पत्रा काढून बघितल्याशिवाय पाइपबद्दल एक शब्द बोलायचा नाही, हे मी तेवीस वर्षं नव्या इंजिनिअरांना शिकवत आलोय. सिंगापूरच्या जुराँग बेटावरच्या कारखान्यांत मैलोन्‌मैल पाइप असतात. त्यांच्याभोवती इन्सुलेशनचा जाड थर आणि त्यावर चकचकीत पत्रा. बाहेरून बघाल तर सगळं नवंकोरं. आत मात्र कुठूनतरी खारट ओल शिरलेली असते आणि ती सावकाश धातू खात बसलेली असते. एकदा असाच एक देखणा पाइप उघडला आणि सहज म्हणून खिशातलं पेन त्याला टेकवलं, तर पेन आत गेलं. ते पेन अजून माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. नवी मुलं आली की मी ते काढून दाखवायचो आणि थोडा भावही खायचो.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल की बिचाऱ्याला कल्पना नसेल. मला कल्पना होती. या बेटावर माझ्याइतकी फार थोड्यांना असेल.

मी शिवदास मेश्राम. वय पंचावन्न, मूळचा नागपूरचा, राहायला चोआ चू कांगला, नवव्या मजल्यावर. घरात बायको ललिता आणि पंचवीस वर्षांची मुलगी अंजली. पन्नाशीत काही माणसांना अध्यात्म सुचतं, काहींना गाणं शिकावंसं वाटतं. मला सायकल सुचली, आणि तीही साधी नाही. इटलीत स्टेल्व्हिओ नावाचा घाट आहे. पायथ्याच्या गावापासून माथ्यापर्यंत चोवीस किलोमीटर, चढाई अठराशे मीटरच्या वर आणि वळणं अठ्ठेचाळीस. प्रत्येक वळणावर दगडावर नंबर कोरलाय आणि तो उलटा मोजत जातो. खाली अठ्ठेचाळीस, माथ्यापाशी एक. मला तो घाट स्वतःच्या पायांनी चढायचा होता. का, ते विचारू नका. ललिताने विचारलं होतं आणि मला धड उत्तर देता आलं नव्हतं.

आता अडचण अशी, की सिंगापूरचा सगळ्यात उंच डोंगर एकशे त्रेसष्ट मीटरचा. आमच्याकडे त्याला टेकाड म्हणून सोडून दिलं असतं. चढाचा सराव करायचा तर तो घरातच. म्हणून मी ट्रेनर आणला. सायकलचं मागचं चाक काढायचं, ती या यंत्रावर चढवायची आणि समोर टीव्ही लावायचा. टीव्हीवर तोच घाट, तीच वळणं, कडेला बर्फ. चढ आला की यंत्र पेडल जड करतं. दोन वर्षांत मी हॉलच्या कोपऱ्यात बसून स्टेल्व्हिओ एकसष्ट वेळा चढलो. पायाखाली रबरी मॅट आणि डोक्यावर पंखा. एसी लावायचा नाही हा माझा हट्ट. सुखात सराव केला की शरीर लाडावतं, असं मी सगळ्यांना सांगत असे. तासाभरात मॅटवर घामाचं तळं व्हायचं. माथा आला की टीव्हीवर उतार सुरू व्हायचा. तेव्हा मी पाय थांबवून हँडलवर ओणवा व्हायचो आणि घाम निथळू द्यायचो.

हँडल अॅल्युमिनियमचं होतं. त्यावर काळी टेप गुंडाळलेली. घाम टेपवरून ओघळायचा, आत मुरायचा आणि तिथेच राहायचा. मी रोज साखळी पुसायचो, तेल द्यायचो. टेप मात्र दोन वर्षांत एकदाही सोडली नाही. तिच्यावर कुठे चीर पडली नव्हती. बाहेरून ती छान दिसत होती.

मार्चमध्ये डॉक्टरांनी माझ्या उजव्या गुडघ्याचा फोटो समोर धरला आणि म्हणाले, सपाटीवर हवं तेवढं फिरा, पण चढ विसरा. जुलैचं बुकिंग झालेलं होतं, आठ जणांची टूर, परत न मिळणारे पैसे. त्याच आठवड्यात अंजली म्हणाली, "बाबा, मी जाऊ का?"

ती आधीपासून चांगली चालवायची. शनिवारी सकाळी मित्रमैत्रिणींबरोबर पुलाउ उबीन बेटावर जायची, बोटीत सायकली घालून. माझ्या सायकलवर ट्रेनरवर बसली तर माझ्याहून चार मिनिटं कमी घ्यायची. सीट दोन बोटं खाली केली की सायकल तिला अगदी बसायची. मला आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही. पण त्याच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. त्या रविवारी ती मोठ्या सरावाला निघाली, तेव्हा मी दारात उभा राहून तिला म्हणालो, "पुढच्या टायरला चीर आहे, आज जाऊ नकोस." तिने टायर फिरवून फिरवून बघितला. चीर नव्हती. मला ते माहीत होतं आणि मग तिलाही कळलं. तिने माझ्या खांद्यावर थोपटल्यासारखं केलं आणि गेली. मला फार लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून माणूस सुधारतो असं काही नाही.

जूनमध्ये तिने विषय काढला. "बाबा, तिथे सायकल रेंट करते ना. सगळे तेच करतात. बॉक्स पॅक करा, एअरपोर्टला ओढा, सो मच हॅसल, ला."

"माझी सायकल ने," मी म्हणालो.

"पण गरज काय?"

"मी गेलो नाही तर निदान ती तरी जाऊ दे."

हे मी असं बोललो, की तिला नाही म्हणता येऊ नये. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ओके. पण टेप नवीन लावा. ब्लू."

बुधवारी तिचं विमान होतं. मंगळवारी संध्याकाळी मी सायकल ट्रेनरवरून उतरवली आणि निळी टेप घेऊन बसलो. जुनी टेप सोडायची, हँडलची नळी पुसून बघायची आणि मग नवी लावायची, अशी पद्धत आहे. मी उजव्या टोकाचं प्लास्टिकचं बूच ओढलं. त्याबरोबर तळहातावर थोडी पांढरी पूड पडली.

चिमूटभर असेल. मी तिच्याकडे बघत बसलो. अॅल्युमिनियमला घाम लागत राहिला की त्याची अशीच पांढरी पूड होते. पोलादाचा गंज लाल असतो, हा पांढरा, एवढाच फरक. असली पूड मी नोकरीत शेकडो वेळा चिमटीत धरून बघितलीय आणि दर वेळी एकच वाक्य बोललोय: उघडा.

आता उघडलं असतं तर काय झालं असतं, तेही मला माहीत होतं. नळी खराब निघाली असती. नवं हँडल बसवायला, केबल ओवायला दोन दिवस, आणि हाताशी एक रात्र. अंजली म्हणाली असती, मी म्हटलंच होतं, रेंट करते. सायकल घरी राहिली असती. ती कोपऱ्यात, मी सोफ्यावर. मी स्वतःला सांगितलं की हे घामाचं मीठ आहे, वाळलेलं. फडक्याने हात पुसला, बूच पुसलं, फडकं घडी करून हत्यारांच्या पेटीत टाकलं. मग काळ्या टेपवरूनच निळी टेप गुंडाळत गेलो. दोन थर असले की हाताला मऊ लागतं, असं अंजलीला सांगितलं. तिने हँडल धरून बघितलं आणि म्हणाली, "वाह, सो नाइस."

चांगी विमानतळावर मी तिला सूचना दिल्या. फ्रिजवर चिकटवलेल्याच होत्या, पण परत दिल्या. चालवताना फोन उचलायचा नाही, कुणाचाही. माथ्यावर तीन मिनिटांच्या वर थांबायचं नाही, घाम गार होतो. जाकीट, दोन घोट पाणी, की पलीकडे उतार. आणि उतारावर हँडल खालून घट्ट धरायचं, सगळं वजन हातांवर. ती हसून म्हणाली, "बाबा, सगळं पाठ आहे." मी त्या खोक्यावर हात ठेवून उभा होतो. तेव्हाही सांगता आलं असतं.

शनिवारी ललिता दुपारी जेवून बेडोकला गेली, तिच्या मैत्रिणीकडे, सुलेखाकडे. जाताना म्हणाली, "तो कोपरा आवरा आज. पोरगी येईपर्यंत मला तिथे फरशी दिसली पाहिजे."

अडीच वाजता अंजलीचा ठिपका हलला. तिथे सकाळचे साडेआठ. तिच्या फोनमधून माझ्या फोनवर नकाशा येत होता आणि नकाशावर एक हिरवा ठिपका. सुरुवातीचा रस्ता नदीकाठाने, फारशा वळणांशिवाय जातो. मी डोळे मिटूनसुद्धा सांगू शकत होतो की आता पूल आला, आता झाडी सुरू झाली. पावणेचारच्या सुमारास ती अठ्ठेचाळीस नंबरच्या पुढे गेली. वेग छान होता. मी मनातल्या मनात तिच्याबरोबर पेडल मारत होतो. ती मागे वळून बघणार नाही, हेही मला ठाऊक होतं, तरी मी तिच्या मागेच होतो.

मॅट गुंडाळली, ट्रेनर भिंतीला लावला. राहिली हत्यारांची पेटी. मंगळवारपासून मी तिला हात लावला नव्हता. एरवी रोज काहीतरी काढायला ती उघडायचो, पण गेले चार दिवस मला एकाही पान्याची गरज पडली नव्हती. आता ती अडगळीच्या खोलीत ठेवण्यासाठी उचलली, तर झाकण नीट बसत नव्हतं. फडक्याचं टोक मध्ये आलं होतं.

मी फडकं बाहेर काढून उलगडलं. पूड तशीच होती, घडीच्या रेषेत साचलेली. तिच्यात नखाएवढा एक करडा पापुद्रा होता. तो मंगळवारी मला दिसला नव्हता, किंवा मी बघितला नव्हता.

स्वयंपाकघरात जाऊन मी स्टीलच्या वाटीत पाणी घेतलं आणि फडकं त्यावर झटकलं. मीठ असतं तर विरघळलं असतं. मी चमच्याने ढवळलं आणि थांबलो. परत ढवळलं. पूड तळाशी जाऊन बसली आणि तिथेच राहिली. मग मी तो पापुद्रा दोन नखांत धरला. तो बिस्किटासारखा मोडला.

मला धातूचं जे काही कळतं ते सगळं त्या क्षणी एकदम आठवलं, आणि त्यातलं काहीच नको होतं. पापुद्रा सुटतो याचा अर्थ वरवरचा डाग नाही, नळीची जाडी गेलेली आहे. किती गेली ते बाहेरून कळत नाही. कुठे मोडेल ते सांगता येतं: जिथे ब्रेकचा खटका नळीला आवळलेला असतो तिथे, कारण ओल तिथेच अडकते. कधी मोडेल तेही सांगता येतं: जेव्हा हातांवर सगळं वजन येईल आणि ब्रेक जोरात दाबला जाईल तेव्हा. म्हणजे उतारावर, वळणाच्या तोंडाशी. हातात हँडलचा तुकडा आणि ब्रेक दोन्ही येतील आणि खाली साठच्या वेगाने जाणारी सायकल असेल.

चढावर ती ताशी नऊ-दहा किलोमीटरने जात होती. चढताना मोडलं तर गुडघे फुटतील, एवढंच. म्हणजे माथ्यापर्यंत वेळ होता. मी फोन बघितला. चार वाजून वीस मिनिटं. ठिपका तेवीस नंबरच्या वळणावर.

मी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. परत वाजत राहिला. तिच्या पाठीवरच्या खिशात तो थरथरत असणार आणि तिला ते जाणवत असणार. ती उचलत नव्हती, कारण चालवताना फोन उचलायचा नाही, कुणाचाही. पोरगी लहानपणापासून माझं कधी ऐकत नाही अशी माझी तक्रार होती. नेमकं हेच तिने ऐकलं होतं.

टूरची एक व्हॅन माथ्यावर थांबणार होती. तिच्या ड्रायव्हरचा नंबर कागदावर होता. तो लागत नव्हता. टूरच्या ऑफिसात एका बाईने उचलला. माझं इंग्रजी ऐकून ती धीराने म्हणाली की डोंगरात त्याच्या फोनला रेंज नसते, काही निरोप असेल तर संध्याकाळी देते. मी म्हणालो, संध्याकाळी नको. ती म्हणाली, सॉरी सर.

मी मेसेज लिहिला: सायकल चालवू नकोस, हँडल खराब आहे, व्हॅनमध्ये बस. तीनदा पाठवला. तीनही मेसेजवर एकेक करडी खूण आली आणि तशीच राहिली. ललिताला फोन करावा असं एकदा वाटलं. मग वाटलं, तिला काय सांगू? आणि ती काय करणार? खरं कारण पहिलंच होतं.

अठरा नंबर. सतरा. बाहेर आभाळ दाटून आलं होतं, समोरच्या ब्लॉकच्या गॅलरीतले कपडे बायका घाईघाईने आत घेत होत्या. मी हॉलमध्ये उभा होतो. बसवत नव्हतं. घाट मला इतका पाठ होता, की ती कुठे उभी राहून पेडल मारत असेल तेही मला दिसत होतं. उभं राहून मारताना माणूस हँडल डावी-उजवीकडे ओढतो. मोडायचं तर आत्ता मोड, असं मी त्या हँडलला म्हणालो. पड एकदाची, फुटू देत गुडघे. बापाने पोरीबद्दल असं मागावं, ही वेळ मीच आणली होती.

अकरा नंबर. नऊ. चौदा वेळा फोन लावून झाला होता. आणखी एक गोष्ट मला आता छळू लागली. माथ्यावर तीन मिनिटं. जाकीट, दोन घोट पाणी, की पलीकडे उतार. तिने फोनकडे बघितलंच नाही तर? आधी खाली जाऊ, मग बोलू, असं म्हणाली तर? पलीकडचा उतार एकवीस किलोमीटर, मध्ये ओले बोगदे.

पाच वाजून नऊ मिनिटांनी ठिपका एक नंबरवरून पुढे गेला आणि थांबला.

मी पंधराव्यांदा फोन लावणार तेवढ्यात तोच वाजला.

"बाबा? फोर्टीन मिस्ड कॉल्स? आई बरी आहे ना?" ती धापा टाकत होती. मागे वारा होता आणि कुणीतरी हसत होतं.

"आई बरी आहे. सायकलवर परत बसू नकोस. व्हॅनमधून खाली जा."

"व्हॉट?"

"हँडल आतून खाल्लेलं आहे. मोडेल. उतारावर मोडेल ते."

 मग तिचा आवाज एकदम मऊ झाला, आणि तो मऊपणा मला सहन होईना.

"बाबा. मार्चमध्ये टायर, आता हँडल."

"या वेळी खरं आहे."

"मला माहितीये तुम्हाला यायचं होतं. आय नो हाउ मच. मी टू थर्टी नाइनमध्ये चढले, तुम्ही बघितलं ना? पण मला हे पूर्ण करू द्या ना. इथे फ्रीझिंग आहे. थ्री मिनिट्स झाली, तुमचाच रूल. खाली गेल्यावर करते कॉल, हां?"

"अंजली, ठेवू नकोस."

"बाबा, प्लीज."

तिने विश्वास ठेवावा असं माझ्याकडे एकच वाक्य उरलं होतं. तेवीस वर्षांचा अनुभव सांगून उपयोग नव्हता, रागावून नव्हता, रडून तर मुळीच नव्हता. ती ते सगळं टायरच्या खात्यात टाकणार होती.

"मी मंगळवारी बघितलं होतं," मी म्हणालो.

वारा तेवढा ऐकू येत होता.

"बूच काढलं तेव्हा पांढरी पूड पडली. मी ओळखली ती. उघडलं असतं तर नळी खराब निघाली असती आणि तू तिथे भाड्याची सायकल घेतली असतीस. मला माझी सायकल घाटावर जायला हवी होती. म्हणून मी पूड पुसली आणि वरून टेप लावली. जुनी सोडलीच नाही. निळ्याच्या खाली काळी आहे. बघ."

 फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, बहुधा दगडावर. मग चिकटलेली टेप ओढली जाते तसा लांब, करकरीत आवाज. थांबला. मग दुसऱ्यांदा तसाच आवाज, यावेळी तुटक, कारण जुनी टेप धड निघत नव्हती. मागे हसणारा माणूस आता हसत नव्हता. त्याने इंग्रजीत काहीतरी विचारलं.

मी हॉलमध्ये फोन कानाला लावून उभा होतो. खाली पाऊस सुरू झाला.

"बाबा." ती परत आली. "की आत जातेय."

"कुठली की?"

"घराची. आपल्या घराची. ब्रेकच्या जवळ टेकवली, तर आत गेली." मग काहीतरी करकरलं. "मी जस्ट हाताने दाबलं. इट्स बेंडिंग."

"सोड ते. बाजूला ठेव. हात कापेल."

"मंगळवारी?" ती म्हणाली.

"हो."

"आज शनिवार आहे."

"हो."

"एअरपोर्टला तुम्ही मला म्हणालात, उतारावर हँडल घट्ट धर."

 मी तिचं नाव घेतलं. 

"आईला सांगू नका," ती म्हणाली. "ती परत कधी झोपणार नाही." आणि तिने फोन ठेवला.

हिरवा ठिपका अर्धा तास माथ्यावरच होता. मग तो पलीकडच्या बाजूने उतरू लागला, सावकाश, प्रत्येक वळणावर वेग कमी करत, गाडी उतरते तसा. तो अगदी खाली गावात जाऊन थांबेपर्यंत मी बघत राहिलो. वाटीतलं पाणी तसंच ओट्यावर होतं. ललिता साडेसातला आली, वाटीकडे बघून म्हणाली, "हे काय ठेवलंय?" मी म्हणालो, काही नाही, आणि वाटी धुऊन टाकली.

अंजली बुधवारी परतली. ललिताला तिने सांगितलं की वर पोचल्यावर गिअर बिघडला, म्हणून व्हॅनने खाली आले. ललिताला ते फार आवडलं. "बघा," ती मला म्हणाली, "शहाणी आहे माझी पोर. तुम्ही असता तर हट्टाने तशीच दामटली असती." अंजली ताटातला वरण-भात कालवत होती. तिने मान वर केली नाही. मला ओरडा खायचा होता, चांगला घरभर ऐकू जाईल असा. तो मिळायची सोय तिने ठेवली नव्हती.

सायकलचं खोकं मी उघडलं तेव्हा हँडल नव्हतं. ते तिच्या बॅगेत होतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. ललिता आंघोळीला गेल्यावर तिने ते माझ्या हातात दिलं. ब्रेकच्या जागी करवतीने कापल्यासारखं दुभंगलं होतं आणि आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखं पोखरलेलं होतं.

"ऑफिसला न्या," ती म्हणाली. "त्या पेनाच्या बाजूला ठेवा."

मी ते नेलं. तेव्हापासून तो ड्रॉवर नव्या मुलांसमोर उघडलेला नाही.

बाकी घरात सगळं ठीक आहे. ती माझ्याशी नीट बोलते, सकाळी चहा करून देते, माझ्या गुडघ्याची चौकशी करते. सायकल तिने स्वतःची घेतली, दुकानात बसवून घेतली. गेल्या आठवड्यात तिच्या टेबल-लॅम्पचा प्लग सैल झाला होता. मी म्हणालो, दे इकडे, आणि दहा मिनिटांत नवीन प्लग बसवून दिला. ती थँक्स बाबा म्हणाली. मग माझ्या पेटीतला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन टेबलाशी बसली, प्लगचं झाकण काढलं, दोन्ही वायर ओढून बघितल्या, आणि झाकण परत लावलं. मी तिथेच समोर उभा होतो.